जखमभरणीच्या संशोधनाची आखणी : पहिला अभ्यास हाती घेणाऱ्यांसाठी

प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात ‘जखम भरली’ हे वाक्य दिवसातून अनेकदा उच्चारले जाते आणि दरवेळी त्याचा अर्थ थोडा वेगळा असतो. ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेच्या लेखी स्राव थांबला की जखम भरलेली असते, शल्यचिकित्सकाच्या लेखी त्वचारोपण धरले की ती भरलेली असते, आणि रुग्णाच्या लेखी मात्र पाय टेकून निर्धास्त चालता येईपर्यंत ती भरलेली नसते. रोजच्या उपचारात या संदिग्धतेने फारसे अडत नाही. संशोधनात मात्र सारा डोलारा याच शब्दावर उभा राहतो, आणि तो शब्द मोघम ठेवला तर पुढचे संख्याशास्त्र कितीही काटेकोर असले तरी हाती काही लागत नाही. म्हणून पहिला अभ्यास आखताना सर्वांत आधी, एकही रुग्ण घेण्यापूर्वी, आपण नेमके काय मोजणार आहोत आणि कोणत्या क्षणी ‘भरली’ म्हणणार आहोत हे कागदावर लिहून काढावे.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधे आणि वैद्यकीय साधनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) 2006 साली जुनाट जखमांच्या चाचण्यांसाठी दिलेली व्याख्या यासाठी आधाराला घेता येते. जखमेवर संपूर्ण त्वचा आलेली असावी, स्राव नसावा, ड्रेसिंगची गरज नसावी, आणि हीच स्थिती दोन आठवड्यांच्या अंतराने झालेल्या लागोपाठच्या दोन तपासण्यांमध्ये आढळावी, असे तिचे सार आहे. यातली दोन तपासण्यांची अट नवख्या संशोधकाला जाचक वाटते, परंतु मधुमेही पायाची किंवा शिरादोषाची जखम ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचे मोल ठाऊक असते. आज पातळ, गुलाबी त्वचेने झाकलेली दिसणारी जखम पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडी पडलेली असू शकते. आपल्या अभ्यासात ही व्याख्या जशीच्या तशी घेतली नाही तरी चालेल, मात्र वेगळी व्याख्या का घेतली याचे कारण आराखड्यातच नोंदवलेले असावे.

व्याख्या ठरली की प्रश्न अरुंद करावा. ‘अमुक ड्रेसिंग चांगले आहे का’ हा प्रश्न अभ्यासाला उपयोगाचा नाही. कोणत्या रुग्णांत, कोणत्या प्रकारच्या जखमेवर, कशाच्या तुलनेत, किती आठवड्यांनी आणि कोणत्या मापाने, या पाचही गोष्टी एकाच वाक्यात बसल्या पाहिजेत. ते वाक्य लिहिताना अडखळायला होत असेल तर प्रश्न अजून पिकलेला नाही असे समजावे. विशेषतः ताजी जखम आणि जुनाट जखम एकाच अभ्यासात मिसळण्याचा मोह टाळावा. त्वचा घेतल्यामुळे मांडीवर झालेली उथळ जखम साधारणपणे दोन आठवड्यांच्या आसपास आपोआप भरते, तर जुनाट जखम ही दाहाच्या टप्प्यातच अडकून पडलेली असते. तिथे रक्तपुरवठा, जंतूंचा थर, सततचा दाब आणि मधुमेह यांपैकी एक किंवा अनेक कारणे एकाच वेळी वाट अडवून उभी असतात. एकीवर लागू पडलेला उपाय दुसरीवर लागू पडेलच असे मानायला जागा नाही.

आता मोजमापाकडे वळू. या क्षेत्रातले बहुसंख्य लहान अभ्यास इथेच घसरतात, म्हणून इथे जरा सावकाश जायला हवे.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे पट्टीने लांबी आणि रुंदी मोजून त्यांचा गुणाकार करणे. तो गुणाकार आयताचे क्षेत्रफळ सांगतो आणि जखमा काही आयताकृती नसतात. 4 सेंटिमीटर व्यासाची गोल जखम या पद्धतीने 16 चौरस सेंटिमीटरची मोजली जाते, पण तिचे खरे क्षेत्रफळ सुमारे 12.6 चौरस सेंटिमीटर असते. म्हणजे सुरुवातच 27 टक्के फुगवट्याने होते. हा फुगवटा दरवेळी सारखाच राहिला असता तर एक वेळ चालले असते, पण भरत जाताना जखमेचा आकार बदलतो, कडा आत-बाहेर होतात, मध्येच त्वचेची बेटे उगवतात, आणि चूकही त्याबरोबर बदलत जाते. त्याऐवजी पारदर्शक निर्जंतुक फिल्मवर जखमेची कड आखून घ्यावी आणि तिचे क्षेत्रफळ मोजावे, किंवा छायाचित्रावर संगणकाने कड आखून मोजावे. दोन्ही पद्धतींत खरा कस लागतो तो कड कुठे आहे हे ठरवण्यात. नवी बाह्यत्वचा इतकी पातळ आणि फिकट असते की दोन अनुभवी माणसे तीच कड वेगवेगळ्या जागी आखतात. म्हणून अभ्यास सुरू होण्यापूर्वी वीसेक छायाचित्रे दोन निरीक्षकांनी एकमेकांचे न पाहता मोजावीत, त्यांपैकी एकाने आठवड्याने ती पुन्हा मोजावीत, आणि फरक किती पडतो ते पाहावे. हा फरक आपण शोधत असलेल्या परिणामापेक्षा मोठा निघाला, तर आधी मोजणी सुधारावी आणि मगच रुग्ण घ्यावेत.

छायाचित्र घेण्याचे नियम साधे आहेत आणि ते बहुतेक ठिकाणी पाळले जात नाहीत. कॅमेरा जखमेच्या पृष्ठभागाशी काटकोनात असावा. तो 30 अंशांनी कलला तर त्या दिशेची लांबी सुमारे 13 टक्क्यांनी आखूड दिसते, आणि रुग्ण पुढच्या भेटीत थोडा वेगळ्या कुशीवर झोपला एवढ्यानेच जखम ‘भरू’ लागते. मोजपट्टी जखमेच्याच पातळीत ठेवावी, वर उचललेली किंवा बाजूच्या गादीवर टेकवलेली नसावी. प्रकाश, अंतर आणि शरीराची ठेवण दरवेळी तीच असावी आणि चौकटीत रंगपट्टी असावी. जखम स्वच्छ करून, जुने ड्रेसिंग पूर्ण काढून मगच चित्र घ्यावे. पाठीसारख्या किंवा टाचेसारख्या वळणदार भागावर सपाट छायाचित्र क्षेत्रफळ कमीच दाखवते. तिथे त्रिमितीय कॅमेरा नसेल तर फिल्मवर आखणे अधिक विश्वासार्ह. खोल जखमेत क्षेत्रफळ अर्धीच गोष्ट सांगते, त्यामुळे खोली आणि त्वचेखालचे पोकळ कप्पे यांची नोंद वेगळी ठेवावी.

मोजलेल्या आकड्यांतून भरण्याचा वेग काढताना आणखी एक फसगत होते. समजा, एका रुग्णाची जखम 4 सेंटिमीटर व्यासाची आहे आणि दुसऱ्याची 2 सेंटिमीटर, आणि ठरावीक काळात दोन्हींची कड सर्व बाजूंनी 5 मिलिमीटर आत सरकली. पहिलीचे क्षेत्रफळ 12.6 वरून 7.1 चौरस सेंटिमीटरवर आले, म्हणजे घट 5.5 चौरस सेंटिमीटरची, पण टक्केवारीत ती 44 भरते. दुसरीचे 3.1 वरून 0.8 वर आले, घट 2.4 चौरस सेंटिमीटरचीच, पण टक्केवारी 75. क्षेत्रफळाने पाहिले तर मोठी जखम वेगाने भरली, टक्केवारीने पाहिले तर लहान, आणि कडेवरच्या पेशींनी तर दोन्हीकडे तेवढेच अंतर कापले आहे. दोन गटांतल्या जखमांचे सुरुवातीचे आकार थोडे जरी वेगळे असले, तरी हवा तो निष्कर्ष हवे ते माप निवडून काढता येतो. यावरचा उपाय म्हणजे क्षेत्रफळातील घटीला परिघाच्या सरासरीने भागून कड किती सरकली हे काढणे. वरच्या दोन्ही उदाहरणांत हे उत्तर 5 मिलिमीटरच येते. कोणते माप वापरणार हे आधीच जाहीर केलेले असेल तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

अभ्यासाचा एकक कोणता, याचा विचार त्यानंतर करावा. वीस रुग्णांच्या चाळीस जखमा म्हणजे चाळीस स्वतंत्र नोंदी नव्हेत. एकाच माणसाच्या दोन्ही जखमांना तेच रक्त, तीच साखर, तेच पोषण आणि तेच धूम्रपान भोगावे लागते, त्यामुळे त्या एकमेकींसारख्याच वागतात. त्यांना सुटे धरून चाचणी लावली तर पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) उगाचच लहान येते. एकतर प्रत्येक रुग्णाची एकच जखम पूर्वनिश्चित नियमाने निवडावी, किंवा हे साम्य विचारात घेणारी संख्याशास्त्रीय पद्धत सुरुवातीपासून ठरवावी. उलट, याच साम्याचा फायदाही घेता येतो. त्वचा घेतलेल्या जागेचे दोन भाग करून एकावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे ड्रेसिंग लावले, तर रुग्ण स्वतःच स्वतःचा नियंत्रण गट होतो आणि थोड्या रुग्णांत बरेच कळते. कोणत्या भागाला काय मिळणार हे मात्र यदृच्छेनेच, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, ठरले पाहिजे, कारण मांडीचा वरचा आणि खालचा भाग सारखा भरत नाही. पोटात घ्यायच्या औषधासाठी ही रचना निरुपयोगी, आणि शेजारच्या भागात झिरपणाऱ्या औषधासाठी धोक्याची.

मात्र या रचनेवर मिळालेल्या यशाने हुरळून जाऊ नये. व्रण कमी उठावा म्हणून टीजीएफ-बीटा-3 या वाढ-घटकापासून तयार केलेल्या अव्होटर्मिनच्या सुरुवातीच्या चाचण्या अशाच, त्याच व्यक्तीच्या दोन जखमांची तुलना करणाऱ्या होत्या, त्यांचे निकाल 2009 मध्ये उत्साहवर्धक म्हणून प्रसिद्ध झाले, आणि 2011 मध्ये तिसऱ्या टप्प्यातील मोठ्या चाचणीत ते औषध अपेक्षित परिणाम दाखवू शकले नाही.

तुलनेच्या गटाला काय द्यायचे, यात संशोधकाचा प्रामाणिकपणा दिसतो. जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांच्या उथळ जखमा पॉलिथीनने झाकून दाखवले की ओलसर राहिलेली जखम उघडी ठेवून खपली धरलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने त्वचेने झाकली जाते. त्या काळी कोरडी जखम हाच प्रघात होता, त्यामुळे तुलना रास्त होती. आज कोरड्या गॉजशी तुलना करून नव्या ड्रेसिंगचा विजय जाहीर करणे म्हणजे साठ वर्षांपूर्वी जिंकलेली लढाई पुन्हा जिंकणे होय. तुलनेच्या गटाला आजची उत्तम प्रमाणित शुश्रूषा मिळाली पाहिजे : मधुमेही पायावरचा दाब काढणे, मृत ऊती कापून काढणे, जंतुसंसर्गावर उपचार, पायाच्या रक्तपुरवठ्याची तपासणी, आणि शिरादोषाच्या जखमेला दाब देणारी पट्टी. पीडीजीएफ या वाढ-घटकाच्या मधुमेही पायावरील चाचणीच्या विश्लेषणात, जी केंद्रे मृत ऊती अधिक वेळा काढत होती तिथे जखमा अधिक भरल्या, असे 1996 मध्ये दिसून आले. म्हणजे मूळ शुश्रूषाच केंद्रागणिक वेगळी असेल तर औषधाचा परिणाम तिच्यात बुडून जातो. म्हणून हे सर्व लेखी प्रमाणित करावे आणि यदृच्छ विभागणीपूर्वी दोन आठवडे प्रत्येक रुग्णाला केवळ ही शुश्रूषा द्यावी. या काळात ज्यांची जखम झपाट्याने आक्रसते त्यांना नव्या उपचाराची गरजच नसते, आणि त्यांना अभ्यासात घेतल्यास दोन्ही गट सारखेच यशस्वी दिसतात. मधुमेही पायाच्या जखमेत चार आठवड्यांतली क्षेत्रफळाची घट बारा आठवड्यांनंतरच्या निकालाचा चांगला अंदाज देते. ती 50 टक्क्यांच्या आत राहिली तर जखम भरण्याची शक्यता कमी असते.

रुग्णसंख्येचा हिशेब संख्याशास्त्रज्ञाबरोबर करावा, परंतु ढोबळ अंदाज स्वतःला आला पाहिजे. प्रमाणित शुश्रूषेने 40 टक्के जखमा भरतात आणि नव्या उपचाराने 60 टक्के भरतील अशी आशा असेल, तर 5 टक्के सार्थकता पातळी (नसलेला फरक दिसण्याची मान्य जोखीम) आणि 80 टक्के शक्ती (असलेला फरक पकडण्याची शक्यता) धरून प्रत्येक गटात शंभराच्या आसपास रुग्ण लागतात; पाचातला एक रुग्ण मध्येच सुटेल असे धरले तर सव्वाशेच्या जवळपास. पदव्युत्तर प्रबंधासाठी दीड वर्षात तीस रुग्ण मिळणार असतील, तर हा प्रश्न त्या प्रबंधाचा नव्हे हे वेळीच ओळखावे. सूक्ष्मशस्त्रक्रियेतल्या फ्लॅपच्या (रक्तपुरवठ्यासह हलवलेल्या ऊतींच्या तुकड्याच्या) बाबतीत तर ही अडचण आणखी तीव्र होते. अनुभवी केंद्रांत रक्तवाहिन्या जोडून बसवलेले फ्लॅप 95 टक्क्यांहून अधिक वेळा जगतात. अपयश 5 टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आले हे सिद्ध करायला प्रत्येक गटात सुमारे 900 रुग्ण हवेत. अशा वेळी फ्लॅप मेला की जगला याऐवजी पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागले का, फ्लॅपची कड किती काळवंडली, किंवा ठरावीक महिन्यांनी हाताची पकड किती आली, असे वारंवार घडणारे अथवा मोजता येणारे आणि रुग्णाच्या कामाचे निकष निवडावेत.

प्राण्यांवरील प्रयोगाचा विचार असेल तर प्राण्याची निवड प्रश्नावरून करावी, पिंजऱ्याच्या सोयीवरून नव्हे. उंदराच्या त्वचेखाली स्नायूचा पातळ थर असतो आणि त्याच्या आकुंचनाने जखम मुख्यतः कडा ओढल्या जाऊन मिटते. माणसात मात्र मांसांकुर (जखमेच्या तळाशी येणारी लालसर नवी ऊती) भरून येणे आणि कडेवरून त्वचा सरकणे यांना अधिक महत्त्व असते. जखमेभोवती सिलिकॉनची कडी शिवून हे आकुंचन रोखता येते, आणि त्वचा सरकण्याचा अभ्यास करायचा असेल तर ती कडी हवीच. डुकराची त्वचा जाडी, घट्ट बांधणी आणि केसांची विरळता या बाबतीत माणसाच्या जवळची आहे, म्हणून ती महाग पडली तरी अनेकदा तीच योग्य ठरते. स्टुअर्ट मिल्टन यांनी 1970 मध्ये डुकरांवरच दाखवले की फ्लॅप किती लांबीपर्यंत जगेल हे रुंदीच्या पटीने ठरत नाही, तर त्याच्या मुळाशी शिरणाऱ्या रक्तपुरवठ्याने ठरते. शल्यचिकित्सकांच्या पिढ्यांनी पाठ केलेला लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा नियम एका साध्या प्रयोगाने मोडला. त्यामागे कोणतेही महागडे यंत्र नव्हते, फक्त नियमाची परीक्षा घेणारा नेमका प्रश्न होता. केलॉइडसाठी (मूळ जखमेच्या बाहेर वाढत जाणाऱ्या उंच व्रणासाठी) मात्र समाधानकारक प्राणी उपलब्ध नाही, कारण तो विकार माणसाचाच आहे. प्राणी किती, का आणि कसे निवडले हे सांगण्यासाठी अराइव्ह ही मार्गदर्शक चौकट आहे आणि 2020 मध्ये ती सुधारली गेली. प्रयोग संपल्यावर ती उघडण्याऐवजी आखणी करतानाच उघडावी.

व्रणाचा अभ्यास करायचा असेल तर घाई आधी सोडून द्यावी. शिवलेल्या जखमेची ताकद तीन आठवड्यांनी मूळ त्वचेच्या फार तर पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत आलेली असते, पुढे कित्येक महिने कोलॅजनची (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) फेररचना चालू राहते, आणि अखेरीसही ती 80 टक्क्यांच्या आसपासच थांबते. व्रणाचा लालसरपणा आणि कठीणपणा वर्षभर, कधी दीड वर्षापर्यंत बदलत राहतो. तीन महिन्यांनी नोंदवलेला ‘चांगला व्रण’ हा अर्धवट शिजलेला निष्कर्ष असतो. किमान बारा महिन्यांचा पाठपुरावा हवा. मापनासाठी 1990 ची व्हँकुव्हर मापनश्रेणी अजून वापरात आहे, परंतु तिच्यात रुग्णाच्या मताला जागा नाही. 2004 मध्ये आलेल्या पोसास मापनश्रेणीत निरीक्षक आणि रुग्ण दोघेही गुण देतात आणि वेदना व खाज यांची नोंद होते. भाजलेल्या रुग्णाला रात्री जागे ठेवते ती खाज, व्रणाचा रंग नव्हे. त्यामुळे दोन्हींतून एक निवडायची झाली तर माझा कौल दुसरीला आहे. गडद त्वचेवर लालसरपणा डोळ्यांनी नीट जोखता येत नाही, म्हणून शक्य असेल तिथे रंगमापक उपकरण वापरावे.

शल्यचिकित्सकाला आपण कोणती शस्त्रक्रिया केली हे ठाऊक असणारच, त्यामुळे पूर्ण अंध चाचणी (कोणाला कोणता उपचार मिळाला हे कोणालाच ठाऊक नसलेली) येथे क्वचितच जमते. तरीही मोजणाऱ्याला अंध ठेवता येते, आणि तेवढे ठेवलेच पाहिजे. चित्रांवरचे नाव, तारीख आणि गट काढून, त्यांची क्रमवारी विस्कटून ती तिसऱ्या व्यक्तीकडे द्यावीत. चांदीयुक्त ड्रेसिंग त्वचेवर काळपट छटा सोडते, अशा खुणा गट उघड करतात हेही ध्यानात ठेवावे. विभागणीचा क्रम संगणकाने तयार करून, रुग्णाला घेणाऱ्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. गट लिहून टेबलाच्या खणात ठेवलेल्या पाकिटांवर विसंबू नये, कारण ती उजेडाकडे धरून पाहिली जातात.

मानवी अभ्यासाला नीतिसमितीची पूर्वपरवानगी आणि लेखी संमती लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. दोन गोष्टी त्यात निसटतात. चाचणीची सार्वजनिक नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी व्हावी लागते. प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांनी 2005 पासून ती अट घातली आहे आणि उशिरा केलेली नोंदणी मागाहून दुरुस्त होत नाही. आणि छायाचित्रांची संमती स्वतंत्र घ्यावी : उपचारासाठी, संशोधनासाठी आणि छापण्यासाठी, तिन्ही वेगवेगळ्या. चेहऱ्याच्या पुनर्रचनेत डोळ्यांवर काळी पट्टी मारल्याने ओळख लपत नाही.

विश्लेषणात वेळेचा विचार करणारी पद्धत वापरावी. बारा आठवड्यांनी किती भरल्या एवढेच मोजले तर तिसऱ्या आठवड्यात भरलेली आणि अकराव्या आठवड्यात भरलेली जखम एकाच पारड्यात पडतात. काळाबरोबर किती जखमा भरत गेल्या हे रेखाटणारा कॅप्लन-मायर वक्र हा फरक दाखवतो. मात्र मध्येच पाय कापावा लागलेला किंवा दगावलेला रुग्ण ‘पाठपुरावा सुटला’ म्हणून बाजूला काढू नये; ती जखम यापुढे कधीच भरणार नाही, आणि ही घटना वेगळा, स्पर्धक निकाल म्हणून मांडावी लागते. ज्याला जो उपचार नेमून दिला त्याच गटात त्याची गणना व्हावी, मग त्याने तो मध्येच सोडला असला तरी.

शेवटच्या लेखनाचे बरेचसे काम खरे तर पहिल्या आठवड्यातच करून ठेवता येते. निकालाचे तक्ते रिकामे आखावेत : किती रुग्ण तपासले, किती अपात्र ठरले आणि का, किती नकार देऊन गेले, किती प्रत्येक गटात गेले, किती शेवटपर्यंत राहिले. यदृच्छ चाचण्यांच्या अहवालासाठी असलेल्या कन्सॉर्ट नियमावलीचा प्रवाहतक्ता नेमके हेच मागतो. प्रत्येक रिकाम्या चौकटीसमोर तो आकडा कोणत्या नोंदवहीतून येणार आणि कोण भरणार हे लिहावे. ज्या चौकटीसमोर उत्तर सापडत नाही, तिच्यासाठीचा रकाना रुग्णाच्या नोंदपत्रकात राहून गेलेला असतो, आणि पत्रक छापायला जाण्यापूर्वी तो घालता येतो.